गेली

हितेशनं पाठवलेलं झाड मोबाइलवर मावत नाही.
दोन बोटांनी ताणतो, सरकवतो.
आडनाव निनावे, अन् नावांचा हा एवढा पसारा.
पार डावीकडे मूळ पुरुष, जन्म सोळाशे नव्वद,
नागपूरच्या भोसल्यांचा दरबारी विणकर.
तेव्हा कुठले भोसले इथे, बाप्पा,
तेव्हा तर नागपूरच वसायचं होतं.
खालच्या फांदीवर तांडापेठेची यमुनाआत्या
स्वतःच्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठी.
हसलो. बायकोला दाखवलं. तीही हसली,
मग चष्मा लावून म्हणाली,
"मी कोठी आहो याच्यात?"
ती नव्हती.

आजोबांच्या चौकटीला चिकटून
कौतिकाबाई. जन्म १९१०. मृत्यू १९३१.
आणि बारीक अक्षरात,
स्रोत : श्रावणकाका, नागपूर.

श्रावणकाका म्हणजे मी.

नंदनवनच्या त्या लग्नात डीजे वाजत होता,
माझ्या हातातल्या ताटात वांग्याची भाजी वाहत होती,
हितेश कानाशी ओरडला, "आबांची आई?"
मी म्हटलं, "एकतीस साली गेली."

गेलीच होती.
इतवारीहून छोट्या गाडीनं, उमरेडला,
एका रंगाऱ्यासोबत.
माझा बाप तीन वर्षांचा, झोपलेला.
पोरानं ऐकलं ते लिहिलं, त्याची काय चूक?
आमच्या घरानंही हाच शब्द वापरला, वर्षानुवर्षं,
आणि अर्थ ज्याचा त्याला लावू दिला.
पितृपक्षात तिच्या नावानं पान ठेवायचे.
कावळा शिवायचाही.

एकसष्ट साली बापानं मला उमरेडला नेलं.
ओसरीत एक बाई बसली होती, कोपरापर्यंत निळी.
"पाया पड," बाप म्हणाला.
कोणाच्या, ते नाही म्हणाला.
तिनं टोपलीतून सुताचा धागा ओढला,
माझ्या दंडाभोवती गुंडाळून माप घेतलं,
बापाकडे पाहिलं,
"तुयासारखाच बारका हाये,"
आणि तो धागा कमरेला खोचला.
घरी आल्यावर बाप आजोबांना म्हणाला,
"सूत पाहाले गेलतो."
तेही खोटं नव्हतं.

हितेशला फोन केला.
"काका, चार झाडांत हेच साल आहे. चारही जुळतात."
जुळतीलच.
एका ताण्याची चार लुगडी,
काठ तेवढे वेगळे.
"मग पुरावा जोडा ना एखादा."
पुरावा तिच्या कमरेला होता.

रात्री बसलो. एका बोटानं १९३१ पुसलं.
रिकामा चौकोन लुकलुकत राहिला
आणि तेव्हा कळलं,
खरं साल मलाही माहीत नाही.
उमरेडहून कोणी निरोप धाडला नाही.
धाडणार तरी कसा?
मेलेल्या बाईच्या मरणाचा
निरोप कोण घेतं?

बासष्ट लिहावं? सत्तर?
माझ्या आकड्यालाही उद्या चार पोरं उतरवून घेतील.
रिकामंच ठेवलं.
ॲपनं विचारलं,
ही व्यक्ती हयात आहे का?

बाहेर उजाडायला आलं होतं.
गोळीबार चौकात पोहेवाल्यानं स्टोव्ह पेटवला,
तर्रीचा वास दुसऱ्या माळ्यापर्यंत आला.
बायको उठली, म्हणाली,
"रातभर जागले का, काहून?"
मी "हो" दाबलं.
तिला वाटलं, तिलाच म्हटलं.

चौकट करडी झाली.
नाव गेलं, दोन्ही सालं गेली,
माझं नावही गेलं त्याखालचं.
ताणून पाहिलं, मोठं करून पाहिलं.
तिथे आता एवढंच लिहिलंय :
हयात व्यक्ती. माहिती खाजगी.